बोळात कोयता घेऊन उभा असलेला पोरगा आणि त्याच्यासमोरचे पोलीस

पूर्वभागकर (धागाकर्ता)
शुक्रवार, रात्री 11:20

मंडळी, धागा लांब होईल, पण सगळं लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

मंगळवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या बोळात एक पोरगा कोयता घेऊन उभा राहिला. पोरगा आमच्याच बोळातला, चोवीस-पंचवीस वर्षांचा, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा. कोपऱ्यावरच्या शहाळ्याच्या गाड्यावरून कोयता उचलला आणि स्वतःच्या घराच्या पायरीवर उभा राहून, जवळ येईल त्याला तोडतो म्हणून ओरडायला लागला. चार दिवस त्याचा डोळ्याला डोळा नव्हता हे नंतर कळलं. कुणीतरी 112 ला फोन लावला. आधी दोघंच आले, एक पन्नाशीचे हवालदार आणि एक नवा शिपाई. हातात काठ्या, बाकी काही नाही.

हवालदार पोराकडे गेलेच नाहीत. बोळाच्या तोंडाशी थांबून त्यांनी आधी गाडीचा सायरन बंद करायला लावला. शिपायाला सांगितलं, दोन्ही बाजूच्या घरांना दारं आतून लावून घ्यायला सांग. मग ती शहाळ्याची हातगाडी ओढून बोळात आडवी लावली. पोरगा धावून आला असता तरी आधी गाडीला अडला असता. गाडीच्या अलीकडून, पंधराएक पावलांवरून, ते बोलायला लागले. मराठीत बोलले, पोरगा ऐकेना. मग तेलुगूत सुरू केलं. "तम्मुडू, नीळ्ळू तागुतावा?" लहान भावा, पाणी पितोस का, एवढंच. तेच वाक्य, त्याच आवाजात, किती वेळा म्हणाले असतील कुणास ठाऊक.

दहा-बारा मिनिटांनी पीएसआय साहेब आले. तरुण होते. आल्या आल्या त्यांनी पिस्तूल काढलं. मी माडीवरून बघत होतो, छातीत धस्स झालं. हवालदार मागं न बघताच म्हणाले, "साहेब, अजून बोलतोय तो. पब्लिक तेवढं मागं घ्या." आणि साहेबांनी ऐकलं. पिस्तूल मांडीशी खाली धरलं आणि दुसऱ्या हातानं गर्दी हटवायला लागले. फौजदारानं हवालदाराचं ऐकलं, माझ्या मते त्या पोराचा जीव तिथं वाचला.

चाळीस मिनिटं लागली. शेवटी पोरानंच पाणी मागितलं. हवालदार म्हणाले, बाटली गाडीवर ठेवतो, तू कोयता पायरीवर ठेवून ये. तो आला. आल्या आल्या कुणी झडप घातली नाही. अख्खी बाटली पिऊ दिली आणि मग हात धरून गाडीत बसवला.

आता जे बोचतंय ते सांगतो. ही चाळीस मिनिटं आमचेच लोक मागून ओरडत होते, "मार की बे", "काय बघत बसलालाव". दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ फिरला, वर ओळ होती, 'एका पोराला घाबरले सोलापूरचे पोलीस'. हजारोंनी बघितला. मला विचारायचंय, हत्यार घेतलेल्या माणसासमोर पोलिसांनी किती थांबावं? गोळी कधी झाडावी? आणि हवालदारांनी जे केलं ते त्यांना कुणी शिकवलं होतं की त्यांचं त्यांनाच सुचलं?

बाळीवेसकर
शुक्रवार, रात्री 11:52

हवालदारांना मनापासून नमस्कार. पण दरवेळी असं होत नाही. त्याच पोरानं एखाद्या लेकराला धरलं असतं तर? माझं मत सरळ आहे. दोनदा सांगायचं, नाही ऐकलं तर पायावर गोळी घालायची. माणूस खाली बसतो, मरत नाही, आणि बोळातली चार माणसं सुरक्षित राहतात.

निवृत्त_फौजदार
शनिवार, सकाळी 7:05

बाळीवेसकर, तुमची काळजी रास्त आहे. पण 'पायावर गोळी' ही गोष्ट पडद्यावर जमते, बोळात जमत नाही. चौतीस वर्षं नोकरी केली, म्हणून सांगतो.

रेंजवर टार्गेट हलत नाही आणि आपली छातीही धडधडत नसते. समोर कोयता उगारून माणूस येतो तेव्हा पिस्तूल धरलेला हात थरथरतो, नजर फक्त कोयत्यावर खिळते. पाय हा अंगातला सर्वात जास्त हलणारा भाग. गोळी चुकली तर खाली फरशी, बाजूला दगडी भिंती. ती उसळून कुणाच्या दारातून आत जाईल याचा नेम नाही. आणि लागलीच, तरी मांडीतली मोठी धमनी फुटली तर काही मिनिटांत माणूस रक्त जाऊन मरतो. पाय नेमका टिपायला जेवढी उसंत लागते, तेवढी उसंत हाताशी असेल तर गोळीची गरजच नसते.

मुख्य मुद्दा अंतराचा. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये दाखवलं की चाकू घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. पोलिसाला कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायला तेवढाच वेळ लागतो. याचा अर्थ पुढं अनेकांनी उलटा लावला, की 21 फुटांच्या आत चाकूवाला दिसला की झाडायला मोकळे. खरा धडा असा की त्या अंतरात जायचंच नाही, आणि जावंच लागलं तर मधे काहीतरी आडवं ठेवायचं. तुमच्या हवालदारांनी हातगाडी लावली ती त्यासाठीच. त्या गाडीनं त्यांना वेळ दिला, आणि वेळ होता म्हणून बोलता आलं. आधी आडोसा, मग बोलणं. नुसतं गोड बोलत जवळ जाणारा पोलीस स्वतः मरतो.

तुमचा शेवटचा प्रश्न. आमच्या वेळी प्रशिक्षणात कवायत होती, लाठीचे हात होते, फायरिंग होतं, कायद्याची कलमं होती. बिथरलेल्या माणसाशी बोलायचं कसं याचा एक तासही झाल्याचं मला आठवत नाही. जे शिकलो ते जुन्या हवालदारांच्या मागं उभं राहून. ज्याला चांगला हवालदार मिळाला तो शिकला, बाकीचे राहिले.

आपल्या गावात या विषयाला आणखी एक पदर आहे. 8 मे 1930 ला सोलापुरात गोळीबार झाला, पाठोपाठ मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. 12 जानेवारीला चार पुतळ्याजवळ बंदोबस्ताला उभा असलो की मला दरवर्षी वाटायचं, ज्या खाकीनं या गावात गोळ्या झाडल्या तीच आपण घातलीय. ती वापरायची कशी हे आता आपल्या हातात आहे.

जुळेसोलापूरकर
शनिवार, सकाळी 9:31

सगळं वाचलं. आता माझंही ऐका.

माझा धाकटा भाऊ शिपाई आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका कॉलवर गेला. तोही बोलत होता. समोरच्यानं बोलता बोलता कोयता चालवला. भावानं हात आडवा घातला म्हणून मान वाचली. उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत, बटण लावायला बायको लागते. सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याचा गुन्हा लागला, तेव्हाचं कलम 353, आता ते 132 झालंय म्हणे. आरोपी जामिनावर बाहेर आला, भाऊ कार्यालयात कागद लावत बसलाय.

त्या दिवशी त्याच्याकडे काय होतं? फायबरची काठी. ढाली दंगल पथकाच्या गाडीत असतात, कॉलवर जाणाऱ्याच्या दुचाकीवर नसतात. लोक म्हणतात पोलिसांनी संयम ठेवावा. ठेवतो की. पण संयम ठेवणाऱ्याच्या हातात ढाल कोण देणार? तुकाराम ओंबळेंचं नाव आपण अभिमानानं घेतो. हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांच्यामुळे तो जिवंत सापडला, खटला चालला, कट कुठं शिजला ते जगाला कळलं. पण त्या जागी त्यांच्या हातात लाठीच का होती, हे विचारायला आपण विसरतो.

काळाकोट
शनिवार, दुपारी 1:15

जुळेसोलापूरकर, तुमच्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुमचा मुद्दा कायद्याच्या बाजूनंही खरा आहे, त्यावर येते.

गोळी कधी झाडता येते? पोलिसाला त्यासाठी वेगळा परवाना नाही. अटक करताना कुणी प्रतिकार केला तर अटकेपुरतं आवश्यक ते बळ वापरता येतं, हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 46 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये आहे. त्यातच लिहिलंय की ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार या कलमानं मिळत नाही. बोळात नुसता कोयता घेऊन उभ्या राहिलेल्या पोरावर असा आरोप नव्हता. मग उरतो तो स्वसंरक्षणाचा हक्क, न्याय संहितेची कलमं 34 ते 44. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. हा हक्क तुम्हाला, मला आणि फौजदाराला सारखाच आहे. आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अटही सगळ्यांना सारखीच.

म्हणजे कोयता उगारून धावून आला तर गोळी कायद्यात बसते. कोयता धरून पायरीवर उभा आहे तर बसत नाही. बोळातलं अंतर तेवढंच, माणूसही तोच, पण कायद्याचं उत्तर बदलतं.

खुपतं ते पुढं. आपला कायदा गोळी सुटली तो क्षण तपासतो. त्याआधीच्या दहा मिनिटांत पोलीस विनाकारण जवळ गेले का, आडोसा घेतला का, बोलायचा प्रयत्न झाला का, हे विचारायला तो बांधील नाही. संयुक्त राष्ट्रांची बळाच्या वापराची मूलतत्त्वं 1990 मध्ये हवानात ठरली. त्यात दोन्ही बाजू आहेत. पोलिसांना ढाली, शिरस्त्राणं, बचावाची साधनं द्या, म्हणजे शस्त्र वापरायची गरज कमी पडेल. आणि मन वळवणं, वाटाघाटी, मध्यस्थी हे प्रशिक्षणात घ्या. जुळेसोलापूरकर जी ढाल मागतात ती पोलिसाइतकीच समोरच्याच्याही जीवासाठी आहे.

सात_रस्ता
शनिवार, दुपारी 3:40

ताई, मग चकमकीत माणूस मेला तर पुढं काय होतं? बदलापूरच्या आरोपीचं आणि पवईच्या ओलीसनाट्याचं यात काय बसतं? दोन्ही वेळा लोकांनी पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

काळाकोट
शनिवार, संध्याकाळी 5:02

सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2014 मध्ये पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 16 निर्देश दिले. पोलीस कारवाईत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची, मानवी हक्क आयोगाला कळवायचं, जखमीला लगेच उपचार द्यायचे. घटनेनंतर लगोलग बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही, हाही त्यातलाच एक. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण बक्षीस कशाला मिळतं यावरून पुढचा शिपाई शिकतो.

बदलापूरची गोष्ट वेगळी. तिथं आरोपी आधीच ताब्यात होता, सप्टेंबर 2024 मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयापुढं आला. पोलिसांनी वापरलेलं बळ समर्थनीय नव्हतं, असं त्यात म्हटलं होतं. त्याच्यावरचा आरोप किती घृणास्पद होता, याचा त्या प्रश्नाशी संबंध नाही. ताब्यातल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी ताबा घेणाऱ्यावर असते.

निवृत्त_फौजदार
शनिवार, संध्याकाळी 6:18

पवईबद्दल मी बोलतो. 30 ऑक्टोबर 2025, एका स्टुडिओत 17 मुलं ओलीस. पोलीस बोलत राहिले, शेवटी स्वच्छतागृहातून आत शिरले, गोळी झाडली, मुलं सुखरूप बाहेर आली, तो माणूस वाचला नाही. नंतर त्याच्याकडे एअरगन सापडली. लोक म्हणाले, खेळण्यातल्या बंदुकीसाठी जीव घेतला. आत शिरणाऱ्याला क्षणभरात एअरगन आणि खरं हत्यार यातला फरक कळत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

बोळ आणि पवई यात मोठा फरक आहे. बोळातला पोरगा एकटा होता, त्याच्या हाताच्या टप्प्यात कुणी नव्हतं, त्यामुळे पोलिसांकडे रात्रभर वेळ होता. टप्प्यात लेकरू असलं की घड्याळ दुसऱ्याच्या हातात जातं. म्हणून पहिल्या मिनिटाला विचारायचं ते हेच, त्याच्या हाताला कोण लागतंय? कुणी लागत नसेल तर घाई नाही, कितीही ओरडू दे. बाळीवेसकर लेकराबद्दल विचारत होते, त्यांना माझं उत्तर असं की हवालदारांनी दारं लावून घेतली ती लेकरू टप्प्यात येऊच नये म्हणून.

सिस्टर_रात्रपाळी
शनिवार, रात्री 9:47

मी मानसोपचार विभागात नर्स आहे, सोळा वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही.

चार दिवस झोप नाही हे वाचलं तिथंच मी थांबले. असा माणूस तुमचं लांब वाक्य ऐकूच शकत नाही. त्याच्या कानात आधीच दहा आवाज असतात. म्हणून एकानंच बोलायचं, छोटं बोलायचं, तेच पुन्हा म्हणायचं. 'शांत हो' म्हणायचं नाही, ते त्याला हुकूम वाटतो. तोंडावर बॅटरी मारायची नाही. चहूबाजूंनी घेरायचं नाही, कोंडी झाली की भित्रं जनावरही अंगावर येतं. पाणी पितोस का हा प्रश्न तर फारच चांगला. ज्याचं उत्तर त्याला देता येईल असं काहीतरी विचारलं. आणि आईच्या भाषेत विचारलं. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, मोहल्ल्यात दखनी. आपल्या गावात पोलिसाला दोन-तीन भाषा येणं हे काठीपेक्षा कमी नाही.

एक चूक लोक हमखास करतात. आईला किंवा बायकोला पुढं करतात, 'तू सांग त्याला'. तसं करू नका. पुष्कळदा त्याचा राग किंवा संशय घरच्यांवरच असतो, त्यांना बघून तो आणखी बिथरतो. आधी त्यांच्याकडून त्याच्याबद्दल ऐकून घ्या, समोर आणू नका.

पोलिसांपैकी पुष्कळांना माहीत नसतं म्हणून लिहिते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम 100. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं वाटलं तर त्या माणसाला ताब्यात नव्हे, संरक्षणात घ्यायचं आणि 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात आणायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. आमच्याकडे कधी कधी हातात दोर बांधून आणतात, पोरं आल्यापासून थरथरत असतात. ते बघवत नाही. आणि घरच्यांनी कोयत्यापर्यंत थांबू नये. दुसऱ्या रात्री झोप नाही, बडबड सुरू आहे, तेव्हाच 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

हातमागवाला
रविवार, सकाळी 8:20

सिस्टर, हे छापून प्रत्येक ठाण्यात लावलं पाहिजे.

मी टेक्स्टाइलच्या कामासाठी दोन वर्षं जपानमध्ये होतो. तिथं शाळेच्या कोपऱ्यात एक लांब दांडी टेकून ठेवलेली दिसायची, टोकाला बैलाच्या शिंगांसारखा वाक. सासुमाता म्हणतात तिला. 2001 मध्ये ओसाकाजवळच्या इकेदातल्या शाळेत चाकू घेऊन शिरलेल्या माणसानं 8 मुलं मारली, त्यानंतर ती शाळाशाळांत आली. चाकूवाल्याला दोन मीटरवरून भिंतीशी दाबून धरायचं, जवळ जायचंच नाही. पोलीसही वापरतात. आपल्याकडे ही दांडी कुठलाही वेल्डर दुपारपर्यंत करून देईल.

निवृत्त_फौजदार
रविवार, सकाळी 9:10

हातमागवाले, आम्ही बांबू वापरायचो आणि चादर. डाव्या हाताला सोलापुरी चादर चार वेढे गुंडाळायची. कोयत्याचा घाव पूर्ण अडत नाही, पण हाड वाचतं. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

सात_रस्ता
रविवार, दुपारी 12:25

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून आकडे शोधले. जुळेसोलापूरकरांनी हे जरूर वाचावं.

अमेरिकेत 2016 पासून आयकॅट नावाचं प्रशिक्षण आहे. बंदूक नसलेल्या, पण चाकू वगैरे घेतलेल्या किंवा मानसिक संकटातल्या माणसासमोर काय करायचं, एवढ्यावरच ते आहे. अंतर, आडोसा, बोलणं, तेच जे हवालदारांनी केलं. लुईव्हिल शहराच्या पोलिसांना हे देऊन सिनसिनाटी विद्यापीठानं मोजणी केली. बळ वापरण्याच्या घटना 28 टक्क्यांनी कमी झाल्या, नागरिकांच्या दुखापती 26 टक्क्यांनी. आणि पोलिसांच्या दुखापती 36 टक्क्यांनी. सर्वात जास्त फायदा पोलिसांचाच झाला. एका शहराचा अभ्यास आहे, तिथली बंदुकांची परिस्थिती वेगळी आहे, हे लक्षात घेऊनच लिहितो. पण 'बोलत बसलं की पोलीस मरतो' ही भीती या आकड्यांत दिसत नाही.

जुळेसोलापूरकर
रविवार, दुपारी 2:48

सर, भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मी बोलत होतो हे खरं, पण त्याच्यापासून दोनच हात अंतरावर उभा होतो, आणि माझा जोडीदार मागून त्याला धरायला निघाला होता. दोघांचं ठरलेलंच नव्हतं काही. एक बोलतोय तर दुसऱ्यानं काय करायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तीन वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा सांगितलं.

बाळीवेसकर
रविवार, दुपारी 3:30

दादा, भावाला आमचा नमस्कार सांगा. पायावर गोळीचं माझं म्हणणं मी मागं घेतो. लेकरू टप्प्यात असेल तर गोळी, हे मात्र धरून आहे.

पूर्वभागकर (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री 10:05

आज हवालदारांना भेटून आलो. ड्युटी संपवून चहाला थांबले होते. विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाले, कुणी नाही, गड्डा यात्रेत आणि गणपतीच्या मिरवणुकीत पिलेल्या माणसांना वीस वर्षं घरी पाठवत आलोय, त्यातनं आलं. मग म्हणाले, त्या रात्रीची स्टेशन डायरीत दोन ओळींची नोंद आहे, इसमास समजावून दवाखान्यात दाखल केले. गोळी सुटली असती तर केवढी फाईल झाली असती, चौकशी झाली असती, प्रत्येक मिनिट लिहिलं गेलं असतं. चाळीस मिनिटांत काय काय केलं हे त्यांना आजवर एकाही वरिष्ठानं विचारलेलं नाही. त्यांच्याबरोबरच्या नव्या शिपायालाही नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त होतील.

शांतता समितीच्या पुढच्या बैठकीत आम्ही बोळातले दहा जण जाणार आहोत. मागण्या दोनच. कॉलवर जाणाऱ्या गाडीत दोन ढाली. आणि या हवालदारांना ठाण्यातल्या सगळ्या नव्या पोरांसमोर तासभर बोलायला उभं करा. निवृत्त साहेब, तुम्ही आलात तर बळ येईल.

व्हिडिओ टाकणाऱ्या पोराकडेही गेलो होतो. काढला नाही त्यानं. पण वरची ओळ बदलली.

निवृत्त_फौजदार
मंगळवार, रात्री 10:31

येतो. तारीख कळवा. तिसरी मागणी घाला, कॉलवर जाताना गाडीतच ठरवून घ्यायचं, बोलणारा कोण आणि गर्दी सांभाळणारा कोण. याला एक पैसा लागत नाही.

सिस्टर_रात्रपाळी
बुधवार, सकाळी 6:50

पूर्वभागकर, तो पोरगा आमच्याकडेच असेल तर इथं काही लिहू शकत नाही. एकच विचारते, सुट्टी झाल्यावर पंधरा दिवसांनी फेरतपासणी असते, तिला घेऊन कोण येणार? निम्मे पेशंट तिथंच सुटतात, आणि मग पुन्हा झोप जाते.

पूर्वभागकर (धागाकर्ता)
बुधवार, सकाळी 7:15

मीच घेऊन येतो, सिस्टर. त्याच्या अव्वाला मराठी वाचता येत नाही, केसपेपरची खिडकी सापडत नाही तिला. मालकानं मागावरची जागा ठेवलीय त्याची, रात्रपाळीऐवजी दिवसपाळी देतो म्हणाला.